ड्रोनचा पॅनोरमा: शेत धरलं तर नदी जाते, नदी धरली तर शेत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या खाजनांचा (खाडीकाठी बांद घालून केलेल्या शेतजमिनींचा) ३६० अंशांचा पॅनोरमा जुळवतोय आणि एक्स्पोजरपाशी अडकलोय. ड्रोन साधाच, २५० ग्रॅमच्या आतला. झोन, नियम वगैरे बघून घेतलंय, तेव्हा धागा कृपया तिकडे नेऊ नका.

वेळ संध्याकाळची. पश्चिमेला मांडवी नुसती चकाकत असते, टेकडीवर पांढरंशुभ्र चर्च, आणि उलट्या बाजूला कापणी झालेली काळपट शेतं, बांद आणि भरतीचं पाणी अडवणारी मानस. ऑटोवर ठेवलं की ड्रोन वळेल तसं एक्स्पोजर बदलतं. फोटो जोडल्यावर आकाशात उभे पट्टे, जणू प्रत्येक हात वेगळ्या डब्यातल्या निळ्या रंगाने मारलाय.

मॅन्युअलवर आयएसओ १०० आणि शटर लॉक केल्यावर पट्टे गेले. पण शेतं बघून शटर ठेवलं तर नदी पांढरीफटक, फेरीबोटसुद्धा दिसेना. नदी बघून ठेवलं तर मानशीची दारं काळी ठिक्कर, आणि नंतर उजळवली की सगळा नॉइज वर येतो. मला मानसच दाखवायचीय हो, सूर्यास्ताचे फोटो गोव्यात पैशाला पासरी आहेत.

पॅनोरमा मोडमध्ये ब्रॅकेटिंग (एकच फ्रेम वेगवेगळ्या एक्स्पोजरवर घेणं) मिळत नाही. एकेक फ्रेम हाताने वळवून घेत बसलो तर तेवढ्यात उजेड बदलतो. एका मित्राने पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) सुचवलाय. घ्यावा का?

प्रतिसाद:

पोलरायझर अजिबात नको. सूर्यापासून साधारण ९० अंशांवरचं आकाश तो सर्वांत जास्त गडद करतो. पूर्ण गोल फिरलात की जुने पट्टे जाऊन नवे येतील.

ब्रॅकेटिंगची पळवाट आहे. ड्रोन एका जागी स्थिर ठेवून पॅनोरमा मोड दोनदा चालवा: एकदा शेतांसाठी, समजा १/१०० वर, लगेच दुसऱ्यांदा नदीसाठी १/८०० वर. तीन स्टॉपचा, म्हणजे आठपट उजेडाचा, फरक मिळाला. सगळं रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये), आणि व्हाइट बॅलन्स लॉक. ५५०० केल्विन ठेवा नाहीतर आणखी काही, दोन्ही फेऱ्यांत तोच हवा. दोन्ही संच हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र टाका. फुकट आहे, वेगवेगळ्या एक्स्पोजरचे थर एकत्र करतं आणि फ्रेमच्या कडांचा काळपटपणाही काढतं. तो राहिला तर शटर लॉक असूनही आकाशात फिकट सांधे दिसतात.

धागाकर्ता:

दोनदा चालवायचं सुचलंच नव्हतं! पण मधल्या वेळात फेरीबोट पुढे सरकली तर?

प्रतिसाद:

तर दोन बोटी दिसतील. नदीच्या संचातली ठेवा, दुसरी मास्क करा. लाटांचं तेच, पण उंचावरून त्या फारशा कळत नाहीत. सूर्य ज्या फ्रेममध्ये आहे ती मात्र जळणारच, तिच्यामागे लागू नका. आणि ओहोटीची वेळ बघून जा, तेव्हा मानशीतून पाणी बाहेर पडत असतं.