मदत हवी आहे: जवळपास सारखे दिसणारे दोन फड्या निवडुंग, डीएनए बारकोड एकच आला, पुढे काय करू?

नमस्कार. मी नागपूरला एमएस्सी वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प अडकलाय आणि सरांचं म्हणणं मला पटत नाहीये, म्हणून इथे विचारतेय.

आजीचं गाव काटोलच्या बाजूला. तिच्या वावराच्या धुऱ्यावर फड्या निवडुंगाचं जुनं कुंपण आहे. लांबून सगळं एकच वाटतं. आजी मात्र मी लहान असल्यापासून सांगते की हे दोन आहेत, एकाचं बोंड खावं, दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नये. जवळ गेलं की एकाचे काटे पिवळे, किंचित वाकलेले दिसतात. दुसऱ्याचे सरळ आणि तपकिरी. पुस्तकातल्या वर्णनांशी ताडून मी पहिल्याला ओपन्शिया डिलेनी आणि दुसऱ्याला ओपन्शिया एलाटिऑर धरलं.

गेल्या महिन्यात आणखी एक गोष्ट दिसली. पिवळ्या काट्यांच्या झाडांवर कापसासारखा पांढरा किडा लागलाय, बोटाने चिरडला की गडद लाल रंग निघतो. तीन हातांवर तपकिरी काट्यांचं झाड आहे, त्यावर एक ठिपकाही नाही. हा किडा किती निवडक असतो ते आपल्याच देशात दिसलंय. 1795 मध्ये रंगासाठी ब्राझीलहून किडा आणला, तो निघाला भलताच, आणि त्याने ओपन्शिया मोनाकँथाचा फडशा पाडला. डिलेनी तशीच राहिली. तिला आवरायला 1926 मध्ये श्रीलंकेमार्गे दुसरा किडा आणावा लागला.

डीएनए काढण्यातच पंधरा दिवस गेले. आतला गर घेतला की नळीत नुसता चिकट लगदा, पिपेट वर उचललं की पाकासारखी तार सुटायची. शेवटी वरची हिरवी साल तेवढी तासून घेतली, सीटॅबच्या (पेशी फोडून डीएनए मोकळा करणाऱ्या) द्रावणात मीठ वाढवलं, पीव्हीपी (अडथळा आणणारी रसायनं धरून ठेवणारी पूड) घातलं, तेव्हा कुठे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणं, चाललं. (कुणी करणार असाल तर बारीक कुसळं आधी चिकटपट्टीने काढून घ्या. बोटात शिरली की दिसत नाहीत आणि निघतही नाहीत.)

दोन्हीकडचे तीन-तीन नमुने दिले होते. आरबीसीएल आणि मॅटके, जात ओळखायला बारकोड म्हणून वापरतात त्या दोन्ही जनुकांचे क्रम सहाही नमुन्यांत अक्षर न् अक्षर सारखे. सर म्हणाले, "एकच जात आहे, लिहून टाक." आयटीएसही (पेशीच्या केंद्रकातला डीएनएचा तुकडा) करून पाहिलं, तर पिवळ्याच्या आलेखात काही जागी एका अक्षराच्या शिखराऐवजी दोन-दोन शिखरं. अहवालात "नमुन्यात भेसळ" असा शेरा आलाय.

बारकोड सारखा म्हणजे जात एक, असं लिहिणं बरोबर आहे का? त्या दोन शिखरांचा अर्थ काय? आणि आणखी बारा नमुन्यांपुरते पैसे उरलेत, ते कशावर घालू?

प्रतिसाद:

ताई, तसं लिहू नका. या दोन जनुकांत फरक सापडला नाही, एवढंच तुमच्या निकालावरून म्हणता येतं. दोन्ही जनुकं हरितलवकातली. ती फार सावकाश बदलतात, आणि निवडुंगाच्या बऱ्याच जाती उत्क्रांतीच्या हिशोबात अगदी अलीकडच्या. त्यात हरितलवक सहसा आईकडून येतं, म्हणजे झाड संकरित असेल तर बापाचा पत्ताच लागत नाही.

भेसळीचा शेरा मला घाईचा वाटतो. ओपन्शियात गुणसूत्रांचा एक संच 11 चा. 22 ची झाडं आहेत, 44 आणि 66 चीही, फिकस-इंडिका तर 88 ची. चार-सहा संच असले की आयटीएसच्या वेगवेगळ्या प्रती असू शकतात आणि सँगर पद्धतीत (डीएनएची अक्षरं वाचायच्या नेहमीच्या पद्धतीत) त्या एकावर एक वाचल्या जातात. डीएनए नव्याने काढा. शिखरं पुन्हा त्याच जागी आली तर ती झाडातलीच आहेत.

म्हणून पैशाला हात लावण्याआधी गुणसूत्रं मोजा. पानं (खरं तर खोडंच ती) आठवडाभर सावलीत सुकवून वाळूत उभी करा. मुळं फुटली की टोकं ॲसिटो-ऑर्सिनने रंगवायची, कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकावर होतं. नुसत्या संख्येवरून जात ठरत नाही, पण काटे, फूल, बोंड आणि संख्या असं सगळं एकाच रेषेत आलं तर सरांपुढे ठेवायला काहीतरी ठोस मिळेल.

तुमच्या मांडणीत मला खरी अडचण वेगळीच दिसते. कुंपण पानं तोडून लावतात, त्यामुळे तुमचे तीन नमुने म्हणजे कदाचित एकच झाड तीनदा. उरलेले बारा नमुने वेगवेगळ्या गावांतून घ्या आणि आयएसएसआर (डीएनएतले फरक पट्ट्यांत दाखवणारी चाचणी) करा. ते स्वस्त आहे, साध्या जेलवर पट्ट्या दिसतात. दोन्ही प्रकार जिथे शेजारी-शेजारी वाढतात अशी ठिकाणं मुद्दाम शोधा. तिथेही पट्ट्या वेगळ्याच राहिल्या तर तुमची बाजू भक्कम.

किड्याचं निरीक्षण छान आहे, पण शेजारचं झाड आज स्वच्छ आहे एवढं पुरेसं नाही. दोन्हीची पानं एका जाळीखाली ठेवून किडा सोडून बघा.

मूळ प्रश्नकर्ती:

मनापासून आभार, दादा. तीन नमुने म्हणजे एकच झाड असू शकतं, हे डोक्यातच आलं नव्हतं, आणि आजीने तर मला सांगितलं होतं की अख्खं कुंपण आजोबांनी दोन बैलगाड्या पानांतून लावलं. आज दोन्हीकडची पानं तोडून सावलीत ठेवली आहेत.

आता विदर्भातल्या सगळ्यांना विनंती. उमरेड, रामटेक, सावनेर, हिंगणा, कुठेही धुऱ्यावर तपकिरी सरळ काट्यांचा फड्या निवडुंग दिसला तर गावाचं नाव आणि काट्यांचा जवळून काढलेला फोटो इथे टाका. पिवळ्या काट्यांचा शेजारीच असेल तर आवर्जून कळवा. मी स्वतः येऊन एक पान घेऊन जाईन.