मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या गवती धावपट्टीवर जमिनीवरून रेडिओ चालवायचा आहे

धावपट्टी खासगी आहे, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) नाही. आजवर सगळे सेफ्टीकॉमवर (स्वतःची फ्रिक्वेन्सी नसलेल्या धावपट्ट्यांसाठीची सामाईक फ्रिक्वेन्सी, १३५.४८० मेगाहर्ट्झ) बोलत आलेत. पण ते विमानांनी आपापली स्थिती सांगण्यासाठी. जमिनीवरून उत्तर द्यायला ते चालत नाही. म्हणून स्वतंत्र फ्रिक्वेन्सीवर एअर/ग्राउंड सेवा (जमिनीवरून वैमानिकांना फक्त माहिती देणारी) सुरू करायचा विचार आहे, कॉलसाइन (रेडिओवरचं नाव) शेवटी 'रेडिओ' असलेलं. 'इन्फर्मेशन' नको, त्याला एफआयएसओ (उड्डाण माहिती अधिकारी) लायसन्स लागतं.

कॅप ४५२ (जमिनीवरचा रेडिओ चालवणाऱ्यांसाठी सीएएची, म्हणजे ब्रिटिश नागरी विमान प्राधिकरणाची, मार्गदर्शिका) वाचून झालंय. स्टेशनचा परवाना ऑफकॉमचा (ब्रिटनचा दूरसंचार नियामक), माणसाचं आरओसीसी (रेडिओ चालवण्याचं पात्रता प्रमाणपत्र) सीएएकडून, हे दोन्ही वेगवेगळं लागतं एवढं स्पष्ट आहे. संच ८.३३ किलोहर्ट्झ चॅनेल-अंतराचा घेतोय, जुना २५ चा फुकट मिळत असला तरी नको. वाऱ्याची दिशा-वेग, माहीत असलेली वाहतूक, धावपट्टीची अवस्था एवढंच सांगायचं. 'क्लीअर्ड टू लँड' (उतरायची परवानगी) तोंडातून जाता कामा नये. संचावर बसणाऱ्या वैमानिकांना हीच सवय मोडायला सर्वात जड जाते.

आता अडलंय ते इथे. संचावर बसणारे बहुतेक एफआरटीओएलवाले (वैमानिकाचं रेडिओ लायसन्स असलेले) वैमानिक आहेत. ते विमानातल्या संचापुरतं, हे ठाऊक आहे, तेव्हा 'लायसन्स आहे ना मग?' असं कृपया सुचवू नका. एकाकडे दुसऱ्या विमानतळावर काढलेलं आरओसीसी आहे. टॉवर नाही, संच कॅराव्हॅनमध्ये राहील आणि वर्षातून एकदा फ्लाय-इनला (बाहेरची विमानं येतात तो मेळावा) शेताच्या दुसऱ्या टोकाला न्यावा लागेल.

नुकतंच हे सगळं केलेल्या कुणी सांगाल का: ते जुनं आरओसीसी आमच्याकडे कोणत्या कागदावर चालतं, आणि कॅराव्हॅन हलवली तर ऑफकॉमचा परवाना बदलून घ्यावा लागतो का?