उपसर्ग शिकवताना कोडं आधी की वाक्य आधी? ‘बे’वरून सुरू झालेली चर्चा

पाटीपेन्सिल
जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला मराठी शिकवतो. ‘शब्दाच्या आधी लागून त्याचा अर्थ बदलतो तो उपसर्ग’ ही व्याख्या माझ्या वर्गातली सगळी मुलं घडाघडा म्हणतात. ‘बेसूर’ फोडून दाखवा म्हटलं की निम्मी खाली बघतात. म्हणून यंदा व्याख्या बाजूला ठेवली आणि एकच उपसर्ग घेतला, ‘बे’.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर शब्द लिहिले: बेघर, बेडूक, बेलगाम, बेट, बेशिस्त, बेसन, बेपत्ता, बेचाळीस, बेगडी, बेसावध. चौघांत एक गठ्ठा. सांगितलं एवढंच, की ‘बे’ कापून टाका आणि उरलेला शब्द जगतो का ते बघा. ‘डूक’ मेला, ‘ट’ मेला. ‘घर’, ‘लगाम’, ‘शिस्त’ जगले. मग मजा आली, कारण ‘सन’ जगतो, ‘चाळीस’ जगतो आणि ‘गडी’ तर चांगला धडधाकट जगतो. एक मुलगा उठून म्हणाला, "सर, बेसन म्हणजे सन नसलेलं का?" वर्ग हसला, पण त्या हसण्यातूनच दुसरी कसोटी निघाली: उरलेला शब्द जगला पाहिजे आणि ‘तो नसलेला’ असा अर्थही लागला पाहिजे. ही कसोटी मी सांगितली नाही, मुलांनी काढली. ‘बेचाळीस’मधला ‘बे’ हा ‘बे एके बे’मधला आहे, हे मागच्या बाकावरच्या मुलीने सांगितलं.

माझं म्हणणं: उपसर्ग असाच शिकवावा. एका वेळी एक, आधी कोडं, व्याख्या सगळ्यात शेवटी. आणि कोड्यात फसवे शब्द हवेतच. नुसते बरोबर शब्द दिले तर मूल विचार करत नाही, पहिलं अक्षर कापत सुटतं.

निवृत्त मास्तर
सर, मेहनत घेतलीत, त्याबद्दल कौतुक आहे. पण सुरुवात चुकीच्या दारातून केलीत असं मला वाटतं. संस्कृतातून आलेले प्र, परा, अप, सम्, अनु असे बावीस उपसर्ग आपल्या भाषेचा मोठा भाग उभा करतात. एक ‘हार’ घ्या. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. जुना श्लोकच आहे, ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते’. उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो. मी हा श्लोक वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला आणि मुलांचे डोळे चमकताना पाहिले. तुमच्या ‘बे’त ती ताकद कुठे? तो फक्त ‘नाही’ म्हणतो.

आणि ‘नाही’च शिकवायचं असेल तर ‘अ’ घ्या. त्याला नियम आहे: व्यंजनाआधी अ, स्वराआधी अन्. न्याय-अन्याय, आदर-अनादर, इच्छा-अनिच्छा. मुलाला एकदा नियम कळला की नवा शब्द त्याला स्वतः बनवता येतो.

पाटीपेन्सिल
मास्तर, नमस्कार. ‘हार’चं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. आहार आणि संहार यांत ‘हार’चा समान अर्थ कोणता, हे सहावीच्या मुलाला कसं दिसणार? त्याच्या ओळखीचा हार गळ्यात घालायचा, नाहीतर सामन्यात होणारा. मूळ धातू ‘हृ’ त्याने ऐकलेलाही नसतो. ‘बेघर’मध्ये घर समोर दिसतं. फुटतं कसं हे आधी दिसू दे, ओढून नेणं पुढच्या वर्षी.

‘अ’बद्दल मात्र विचार करतोय. नियम सुंदर आहे. पण तिथेही ‘अन्न’ आणि ‘अनुभव’ फसवायला बसलेलेच आहेत, तेव्हा गठ्ठा वाटावाच लागेल.

सहावीची आई
मी शिक्षिका नाही. माझ्या मुलीला शाळेतून असंच शब्दकोडं घरी आलं होतं, म्हणून लिहिते. चौकटी होत्या, शेजारी ‘उपसर्ग काढून अर्थ लिहा’ असं होतं. तिने ‘बेकार’पुढे लिहिलं, ‘गाडी नसलेला’. ‘बेजार’पुढे लिहिलं, ‘जार नसलेला’. आमच्याकडे पाण्याचा जार रोज येतो हो, तिला दुसरा जार माहीतच नाही. दोन्हींवर लाल फुली. शेजारी एक शब्द नाही, की बाळा, इथे ‘कार’ म्हणजे काम. तिने रीत बरोबर वापरली होती! तिला शिकवलं तेच तिने केलं आणि तरी ती चुकली. त्या दिवसापासून ती कोड्याचा कागद दप्तरातून काढत नाही.

मला उपसर्गातलं फार कळत नाही. पण चौकटीत एकच उत्तर मावतं, आणि मुलाच्या डोक्यात त्या उत्तरापर्यंत जाणारा जो रस्ता असतो तो चौकटीत दिसत नाही. तुमच्या वर्गात तुम्ही समोर होतात, हसलात, बोललात. कागद घरी आला की तिथे कोणी नसतं.

पाटीपेन्सिल
ताई, फुली मारली हे चुकलंच. ‘गाडी नसलेला’ हे उत्तर मला मिळालं असतं तर मी ते फळ्यावर लिहिलं असतं. तुमचं म्हणणं पटलं. हा कागद घरी पाठवायचा नाही, तो चार डोकी एकत्र बसून करायचा आहे.

सातपुड्यातली बाई
मी नंदुरबारकडे शिकवते. इथे पहिल्यापासून मराठी बोलणारं घर क्वचित. मुलं घरी पावरी बोलतात, भिली बोलतात, काहीजण अहिराणी. म्हणून मी या पद्धतीच्या विरोधात आहे आणि स्पष्ट लिहिते.

सर, तुमच्या मुलांना ‘डूक’ मेला हे का कळलं? कारण ‘डूक’ असा शब्द नाही हे त्यांना आधीच माहीत होतं. ‘लगाम’ जगला, कारण लगाम त्यांच्या कानावरून गेला होता. तुमची कसोटी ज्याच्याकडे शब्द आहेत त्याच्या हातात चालते. माझ्या वर्गातल्या मुलाला ‘डूक’ आणि ‘शिस्त’ सारखेच परके असू शकतात. तो काय कापणार आणि काय जगवणार? त्याच्यासाठी हे शिकवणं उरत नाही, ती परीक्षा होते, आणि त्यात तो पहिल्या मिनिटाला गप्प बसतो.

मी वाक्यापासून जाते. ‘पावसात घर वाहून गेलं, माणसं बेघर झाली.’ हे वाक्य माझ्या मुलांना समजवावं लागत नाही. ‘बैल सुटला, बेलगाम पळाला’, मी स्वतः पळून दाखवते. अशी पाच-सहा वाक्यं गोष्टीत येऊन गेली की एखादं मूल आपणहून विचारतं, बाई, हे ‘बे’ सारखं सारखं का येतं? तो प्रश्न आला की धडा सुरू. कोडं त्यानंतर, आणि फक्त गोष्टीत येऊन गेलेल्या शब्दांचं.

शुद्ध मराठी
मूळ प्रश्नच वेगळा आहे. ‘बे’ फारसी. आपल्याकडे ‘निर्’ आहे, ‘अ’ आहे, ‘बिन’ही आहे. मग मुलांना परका उपसर्ग आधी का? शिवाजी महाराजांनी दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला, तो काही उगीच नाही.

निवृत्त मास्तर
इथे मी पाटीपेन्सिल सरांच्या बाजूने उभा राहतो. ‘बेसावध’ पाहा. सावध म्हणजे स + अवधान, अस्सल संस्कृत घडण, आणि तिच्या डोक्यावर फारसी ‘बे’. ‘बेभान’, ‘बेताल’ असेच. आपण त्या उपसर्गाला आपले शब्द जोडू लागलो, तेव्हाच तो आपला झाला. आणि त्याच्या जागी दुसरा चालत नाही. अशुद्ध पाणी आणि बेशुद्ध माणूस यांतला ‘अ’ आणि ‘बे’ बदलून दाखवा! ‘शुद्ध हरपली’मधली शुद्ध वेगळी आणि ‘शुद्ध तूप’मधली वेगळी, हे शिकवायला या जोडीसारखी जोडी नाही.

महसूलवाला
मी शिक्षक नाही, महसूल खात्यात कारकून होतो. एक शब्द ठेवतो: बेचिराख.

‘लढाईत गाव बेचिराख झालं’ असं वाचलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राख येते. जळून गेलेलं गाव. मीही तसंच समजत होतो. मग जुन्या दप्तरात ‘बेचिराग गाव’ असा शेरा दिसला. ज्या गावाला शिवार आहे, हद्द आहे, नाव आहे, पण वस्ती नाही, ते बेचिराग. चिराग म्हणजे दिवा. संध्याकाळी जिथे एकही दिवा लागत नाही ते गाव. तो कागद हातात धरून मी किती वेळ बसलो होतो ते आजही आठवतं.

आता सरांची कसोटी लावा. ‘बे’ कापला, ‘चिराख’ उरला. आजच्या मुलासाठी तो मेलेला शब्द आहे. म्हणजे तो ‘बेचिराख’ला बेडकाशेजारी टाकणार! ‘बेफाम’चंही तेच. फाम म्हणजे आठवण, भान, आता कोण म्हणतं? उलट ‘बेलाशक’ हा ‘बे’चा वाटतो, पण तो मुळात ‘बिलाशक’, शंकेविना. कसोटी सोपी आहे खरी, पण ती सगळ्यात चांगले शब्द कचऱ्यात टाकते. तुमचं कोडं चालू ठेवा, पण ‘फुटला नाही म्हणजे उपसर्ग नाही’ असं मुलांना कधीही सांगू नका.

सहावीची आई
बेचिराखचा अर्थ मी आज पहिल्यांदा वाचला. लेकीला वाचून दाखवला. ती म्हणाली, मग लोडशेडिंगमध्ये आपण पण बेचिराख. मी तिला चूक म्हणाले नाही.

पाटीपेन्सिल
महसूलवाले काका, तुमचा मुद्दा बिनतोड आहे. माझ्याकडे दोनच ढीग होते, ‘आहे’ आणि ‘नाही’. तिसरा हवा होता, ‘विचारायचे’. ज्या शब्दात ‘बे’ असावा असं वाटतं पण उरलेला भाग ओळखीचा नाही, तो तिथे. मग शब्दकोश काढायचा, आजीला विचारायचं. ‘बेचैन’ही तिथेच जाईल. कारण आपल्या मराठीत चैन म्हणजे मौज, आणि बेचैन माणसाला मौज नव्हे, स्वस्थता नसते. ‘बेसुमार’ तसाच. सुमार दर्जाचा नसलेला, असा अर्थ लावून मुलं हमखास फसतील. तिथला सुमार म्हणजे मोजमाप.

बाई, तुम्हाला उत्तर देणं अवघड आहे, कारण तुम्ही दाखवलंत ते मला माझ्या वर्गात दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणजे, जी निम्मी मुलं खाली बघतात ती याच कारणाने बघत असतील का, हा विचार मी केला नाही. तरी एका गोष्टीवर ठाम आहे. गोष्टीतून मूल त्या गोष्टीतले पाच शब्द शिकतं. सहावा, कधीही न ऐकलेला शब्द समोर आला तर तो फोडून बघायची सवय गोष्ट लावत नाही. ती कात्री हातात देऊनच लागते.

सातपुड्यातली बाई
कात्री द्या, पण कापायला कापड आधी द्या. एवढंच म्हणते.

आणि सहावा शब्द म्हणता ना, तर ऐका. गेल्या वर्षी गोष्टी झाल्यावर मुलांना म्हटलं, तुम्ही ‘बे’ लावून शब्द करा. एकाने केला ‘बेमोबाइल’. एकीने केला ‘बेबाबा’. तिचे वडील ऊसतोडीला गेले होते, सहा महिने घरी नव्हते. हे शब्द कुठल्याच कोशात नाहीत आणि कुठल्याच कोड्याच्या चौकटीत बसणार नाहीत. पण उपसर्ग त्यांना कळला, याचा याहून मोठा पुरावा मला नको होता.

निवृत्त मास्तर
‘बेबाबा’. बाई, हा शब्द माझ्या वहीत उतरवून घेतला.

तरी ‘अ’बद्दलचं माझं म्हणणं मागे घेत नाही. पुढच्या आठवड्यात नातवाबरोबर ‘अ’चा गठ्ठा करून बघतो. अनादर, अनिच्छा, अन्न, अनुभव, अननस, अनाथ. फसवे शब्द किती घालावेत, सर? दहात तीन, की निम्मे?

पाटीपेन्सिल
माझ्या गठ्ठ्यात दहात पाच होते, ते जास्त झाले. तीनच घाला, आणि ‘अननस’ शेवटी काढा.