श्रावण निभतो, पुढं टिकत नाही. मटण हळूहळू कमी कसं करायचं?

वाळव्याचा_पाव्हणा

राम राम मंडळी. मूळ वाळवा तालुक्यातला, आता नोकरीमुळं सांगलीत विश्रामबागला, वय ४४, वजन ७० च्या आसपास. प्रश्न साधा आहे पण घरात काढला की सगळे हसतात म्हणून इथं विचारतोय.

आमच्याकडं बुधवार, शुक्रवार, रविवार ठरलेलं. बुधवारी चिकन नाहीतर अंडी, शुक्रवारी कधी मासे, रविवारी मटण म्हणजे मटणच. वरून जत्रा, आखाड, कुणाचं जागरण, पाव्हणे आले की झालंच. मध्यंतरी पायाचा अंगठा टम्म सुजला, रक्त तपासलं तर युरिक ॲसिड वाढलेलं, डॉक्टर म्हणाले मटण कमी करा. दुसरं कारण थोरली पोरगी. तिनं खायचं बंद केलंय, काय बोलत नाही, वाद घालत नाही, फक्त माझं ताट आलं की ती जरा पलीकडं सरकून बसते आणि मला तेच जास्त लागतंय. खरं सांगायचं तर आता मलापण आतून वाटायला लागलंय की बास.

गंमत म्हणजे श्रावण मी कडक पाळतो, काही त्रास नाही. गणपती, पितृपंधरवडा, नवरात्र सगळं निघून जातं. पण गावाकडं खंडेनवमीला बोकड पडलं की दसऱ्यापासून परत सगळं पहिल्यासारखं. झटक्यात सोडलं की असं होतं, मग वर्षभरात हळूहळू सुटेल असं काय करता येईल? शाकाहारी जेवलो की पोट भरल्यासारखंच वाटत नाही आणि कडधान्यं वाढवली की गॅस. पनीर सुचवू नका, मला आवडत नाही.

कराडकर_७१

भावा आधी हिशोब मांड. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर एकादश्या, संकष्ट्या, श्रावण, नवरात्र. म्हणजे निम्म्याहून जास्त वर्ष तू आत्ताच शाकाहारी आहेस, फक्त ते देवाच्या खात्यावर जातंय म्हणून तुला जाणवत नाही. राहिले तीन वार. त्यातला बुधवार नुसत्या सवयीचा, त्याला ना सुट्टी ना पाव्हणे, तो आधी काढ आणि दोन-तीन महिने दुसरं काहीच बदलू नको. मग शुक्रवार. रविवारला सगळ्यात शेवटी हात लाव, त्या दिवशी घर एकत्र बसतं, दुपारी दोनला जेवण, मग ताणून झोप, ते पहिल्याच महिन्यात मोडलंस तर घरचेच तुला परत ओढतील.

आता पोट भरत नाही त्याचं. आपल्याकडं मटणाला जेवढी मेहनत घेतात त्याच्या चार आणे पण भाजीला घेत नाहीत राव. मटणाला कांदा-खोबरं खरपूस भाजून, तीळ, खसखस, आलं-लसूण-कोथिंबीर, वर डंकावरनं कुटून आणलेली घरची चटणी, दोन तास रांधणं. आणि बुधवारच्या मटकीला काय, तर मोहरी, हळद आणि पाणी. कसं पोट भरंल? तेच वाटण, तेवढीच चटणी अख्ख्या मसुराला घालून बघ. हायवेला पेठनाक्यापासून कराडपर्यंत ढाब्यावर माणसं गाड्या थांबवून अख्खा मसूर आणि रोटी हाणतात, त्यातले निम्मे मटण खाणारेच असतात, तिथं त्यांना कुणी डॉक्टरनं पाठवलेलं नसतं.

मसूर जमला की वाघ्या घेवडा घे, आमच्या जिल्ह्यातला कोरेगाव साईडचा, जीआय मानांकन मिळालंय त्याला. रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं, कुकरला अगदी मऊ शिजवायचा, अर्धाकच्चा राहिला तर पोट बिघडतं. मग मटकीच्या डाळीच्या सांडग्यांचा रस्सा, पाटवडी, आणि उडदाचं घुटं. गरम घुट्यात बाजरीची भाकरी चुरून वर कच्चा कांदा, हे खाऊन उपाशी उठलेला माणूस मी तरी बघितला नाही. कृष्णाकाठच्या वांग्याबद्दल सांगलीकराला मी काय सांगायचं.

आणि तोवर रविवारी किलोच्या जागी अर्धा किलो आण. फोडी दोनच घे, रस्सा ओढ भरपूर. कुणाच्या लक्षातपण येत नाही.

आखाडसम्राट

आखाडाच्या तोंडावर असले प्रश्न विचारू नका राव, घास घशाखाली उतरत नाही 😂 बाकी एक सांगतो, फ्रीजरमध्ये चिकन भरून ठेवायची सवय असेल तर ती आधी मोडा. घरात असलं की बुधवार शुक्रवार कोण बघतंय.

खटावचा_माळकरी

तुम्हाला बरेच जण सांगतील की माळ घाला, आपोआप सुटतं. सुटतं हे खरं आहे, त्यात अर्धा वाटा सोयीचा आहे. गळ्यात माळ दिसली की कुणी आग्रह करत नाही, जत्रेत वाढपी स्वतःच ओरडतो माळकरी कोण कोण हायत इकडं बसा, पातेलं वेगळं, पळी वेगळी. पण युरिक ॲसिड कमी करायला माळ घालू नका, ते म्हणजे विठ्ठलाला मेडिकलच्या काउंटरवर उभं केल्यासारखं होतं. वारी करावी वाटली, नेम पाळावा वाटला, तेव्हा घाला.

मात्र ती पंगत माळ नसतानापण वापरता येते. गावात ज्याच्या घरी जायचंय त्याला आदल्या दिवशी फोन करायचा, मी माळकऱ्यांच्यात बसणार आहे म्हणून सांगायचं. आधी सांगितलेलं माणसं ऐकतात, ऐन पानावर बसून नको म्हटलं की यजमानाला ते लागतं आणि मग सगळी भावकी तुमच्या मागं. दुसरं, आपल्याकडं बऱ्याच गावांत जत्रेच्या पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य असतो आणि मटण दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी जावा, देवदर्शन करा, पालखी बघा, रात्रीच्या गाडीनं परत. खंडेनवमीला आता कित्येक घरांत बोकडाऐवजी कोहळा कापतात, तेव्हा देव रुसेल ही भीती घरच्यांना असेल तर त्यालाही वाट आहे. पण तो विषय तुम्ही पहिल्या वर्षी काढू नका, थोरल्यांशी निवांत बसून बोलायचा विषय आहे तो.

वाळव्याचा_पाव्हणा

कराडकर, वारांचा हिशोब एकदम पटला, बुधवारपासनं सुरुवात करतो. माळकरी बुवा, पंगतीचं डोक्यातच आलं नव्हतं. आता दोन शंका. डाळी-कडधान्यांनी पण युरिक ॲसिड वाढतं असं ऑफिसमधले म्हणतात, मग खायचं काय? आणि मटण सोडल्यावर ताकद, बी-ट्वेल्व्ह वगैरेचं काय करायचं?

मिरजेची_आहारतज्ज्ञ

दादा, आधी कराडकरांच्या एका सल्ल्याला विरोध करते, रागावू नका. फोडी कमी आणि रस्सा जास्त हे तुमच्या बाबतीत उलटं पडेल. युरिक ॲसिड ज्यापासून तयार होतं ते प्युरिन मटण उकळताना पाण्यात उतरतं, म्हणजे अळणी पाणी आणि रस्सा यातच ते भरपूर जातं. तुम्ही अळणी सूप म्हणून वाटीभर पीत असाल तर सगळ्यात आधी ते बंद. त्याच्याबरोबर कलेजी, वजडी, भेजा, आणि बिअर असेल तर बिअर. उसाचा रस आणि कोल्ड्रिंकपण कमी, त्यातल्या फ्रुक्टोजनंसुद्धा युरिक ॲसिड वाढतं आणि हे आपल्या ऊसपट्ट्यात कुणी सांगत नाही.

डाळींबद्दल ऑफिसवाल्यांचं अर्धवट आहे. डाळींत प्युरिन असतं, पण मोठ्या अभ्यासांमध्ये मटण-मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळं सांधे सुजण्याचा, धोका वाढलेला दिसला, डाळी आणि पालकासारख्या भाज्या खाणाऱ्यांना दिसला नाही. तेव्हा बिनधास्त खा. फक्त किडनीचा काही त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय डाळी वाढवू नका.

ताकदीचं म्हणाल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणं वजनाच्या दर किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे तुम्हाला ५८ ग्रॅमच्या आसपास. दिवसभरात ज्वारीच्या चार भाकरीतून २५ च्या आसपास मिळतं, उसळ-आमटीच्या दोन घट्ट वाट्यांतून १४, ग्लासभर दूध नाहीतर दह्यातून ८, मूठभर शेंगदाण्यातून ७. झालं ना जवळजवळ? घट्ट वाटी म्हणतेय हां, पळीभर पाण्यात चार डाळीचे दाणे पोहताहेत ती आमटी धरू नका. राहिलेलं सोयावडीतून भरून निघतं, कोरड्या वडीत १०० ग्रॅमला ५० च्या वर प्रोटीन असतं, म्हणजे ३० ग्रॅम वडी म्हणजे १५. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळायची आणि मग खिम्यासारखी परतायची, नाहीतर तिचा तो वास जात नाही. भाकरी आणि कडधान्य एकाच घासात असावं असंही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की पुरे.

बी-ट्वेल्व्ह मात्र हसण्यावारी नेऊ नका. ते डाळी-भाज्यांत नसतं, दूध, दही, अंडी यांतून थोडंथोडं मिळतं. यकृतात त्याचा साठा असतो त्यामुळं सोडल्यावर लगेच काही होत नाही आणि माणूस निवांत राहतो, मग काही वर्षांनी हातापायाला मुंग्या, थकवा. आत्ता एकदा तपासून घ्या आणि वर्षानं परत. डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू असेल तर नक्कीच, त्या गोळीनंसुद्धा बी-ट्वेल्व्ह कमी होतं. मटण सोडताना अंडी लगेच सोडू नका असं माझं मत, निदान पहिलं वर्ष.

लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा आणि जेवल्या जेवल्या चहा घेऊ नका, तासभर थांबा. गॅसचं म्हणाल तर एकदम दोन वेळा कडधान्य सुरू केलं की होणारच. आधी मूग आणि मसूर, तेही थोडं, मग मोड आलेली मटकी, हुलगा आणि घेवडा शेवटी. भिजवलेलं पाणी टाकून द्या, फोडणीत हिंग-ओवा. साधारण महिन्याभरात पोट सरावतं.

जत_पूर्वभाग

सगळं वाचलं. आम्ही माडग्याळ जातीची मेंढरं राखतो, तेव्हा माझं मत पक्षपाती धरा. आमच्याकडं पाऊस पडला तर ज्वारी-बाजरी, नाही पडला तर मेंढरावरच घर चालतं. डॉक्टरनं सांगितलंय, पोरीसाठी वाटतंय, जरूर सोडा. पण सोडल्यावर खाणाऱ्याला नावं ठेवायला लागू नका, ते लई जणांचं होतं बघा. आणि एक, आमच्या आज्याच्या काळात मेंढरं दारात असूनपण मटण शिजायचं ते जत्रेला, सणाला, नाहीतर जावई आला तर. दर रविवारी किलोभर हे अलीकडचं आहे. तेवढ्यावर जरी आलात तरी आज्याला काय कमी ताकद नव्हती, शंभर किलोचं पोतं उचलत होता.

सातारची_थोरली_सून

एवढे सगळे बोलले पण एक कुणी विचारलं नाही. दादा, बुधवारी अख्खा मसूर, रविवारी एका गॅसवर मटण आणि दुसऱ्यावर सांडग्याचा रस्सा, हे करणार कोण? वहिनींना विचारलंत का? आमच्या घरी सासऱ्यांनी असंच एक दिवस जाहीर केलं, मी आजपासून खात नाही, आणि माझं दुपारचं काम सरळ दुप्पट झालं. ते मोठेपणा घेऊन ओसरीवर बसले.

आता मी काय करते ते सांगते. कांदा-खोबऱ्याचं वाटण रविवारी सकाळी एकदाच मोठं करते. निम्मं मटणाच्या पातेल्यात, निम्मं दुसऱ्या पातेल्यात, त्यात वांगं-बटाटा नाहीतर घेवडा नाहीतर उकडलेली अंडी. उरलेलं डब्यात घालून फ्रीजरला, ते बुधवार-शुक्रवारला येतं. दोन्ही पातेल्यांचा रंग-वास सारखाच त्यामुळं पानावर बसल्यावर वेगळं काढल्यासारखं कुणाला वाटत नाही, आणि पोरंपण हळूहळू दुसऱ्या पातेल्यातलं मागायला लागली. हंगामात पाटण-जावळीकडनं कोवळा फणस आला की त्याची भाजी त्याच वाटणात, ती तर आमचे हे रविवारीसुद्धा मटण बाजूला सारून खातात. वर्षभर मिळत नाही एवढंच. आणि तुमची मुलगी खात नाही म्हणताय ना, मग ती आत्ता काय खाते? तिच्यासाठी वेगळं काही होतंय का नुसती चटणी-भाकरी खाऊन उठते? तिथनं सुरू करा, दोघांचं एकच पातेलं होईल.

वाळव्याचा_पाव्हणा

ताई, बरोबर धरलंत. हिला विचारलं तर म्हणाली मी केव्हाची तयार आहे, पण बुधवारचा स्वयंपाक तुम्ही करायचा. पोरीला सांगितलं तर ती कांदा चिरायला तयार झाली, मटण असताना स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हती. आहारतज्ज्ञ मॅडम, अळणी पाणी मी दर रविवारी पेलाभर पीत होतो, ते आजपासनं बंद. जतकर, नावं ठेवणार नाही, शब्द देतो. कराडकर, आता शेवटचं सांगा, अख्खा मसूर भिजत घालायचा का तसाच कुकरला लावायचा?

कराडकर_७१

अळणीचं मलापण नवीन होतं, मॅडमचं ऐक, रश्शाचं माझं सोडून दे. मसूर दोन तास भिजव, जास्त नको, आणि कुकरला दोनच शिट्ट्या, दाणा अख्खा राहिला पाहिजे. गाळ झाला तर ती आमटी झाली. वाटण तेलात भाजल्यावर मग टोमॅटो घाल, आधी नको, आणि वरून पाणी घालायचं ते गरमच. तिखट बेतानं, पोरगी पण खाणार आहे.

सातारची_थोरली_सून

आणि भांडी कोण घासणार तेपण बुधवारच्या आधी ठरवून घ्या 😄