ह्यांच्या-माझ्या नावावरची जमीन विकायची आहे, पण ह्यांना आता सही कळत नाही

कृष्णाकाठ:

नमस्कार. वाई तालुक्यात आमची ५२ गुंठे जमीन आहे. १९९८ साली घेतली. निम्मे पैसे ह्यांच्या एसटी वर्कशॉपच्या पगारातून साठलेले, निम्मे माझ्या पाटल्या मोडून आलेले. खरेदीच्या वेळी चुलतसासरे म्हणाले, बाईचं नाव कशाला घालतोस? हे म्हणाले, पाटल्या तिच्या होत्या. तेव्हापासून सातबारावर आमची दोघांची नावं आहेत.

२०१९ मध्ये ह्यांना अल्झायमर असल्याचं निदान झालं. आता मुलाला 'साहेब' म्हणतात. रात्री दोनला उठून कडी काढतात, डेपोत जायचंय म्हणतात. रात्रीच्या माणसाला १२ हजार, दिवसाच्या बाईला ९ हजार, औषधं आणि डायपर मिळून आणखी सात-आठ हजार जातात. पेन्शन २,३०० रुपये. मुलगा पुण्याहून १५ हजार पाठवतो, त्याचीही दोन लेकरं शिकतायत. माझे गुडघे गेलेत, शेत आता वाट्याने देणंही जमत नाही. शेजारच्या बांधावरचा शेतकरी बऱ्या भावाने घ्यायला तयार आहे. ५१ हजार विसार म्हणून देऊनही गेला.

पण प्रत्येक जण वेगळंच सांगतो. एजंट म्हणतो, काकांचा अंगठा घेऊ, ऑफिसात मी बघून घेतो. मुलगा म्हणतो, २०१७ चं नोंदणी केलेलं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) आहे ना, त्यावर होईल. दीर म्हणतात, तुझा अर्धा हिस्सा वीक आणि मोकळी हो. एक जण म्हणाले, जिल्हा न्यायालयात अर्ज टाक.

अंगठ्याचं मला अजिबात पटत नाही. ह्या माणसाने आयुष्यात न वाचता कशावर सही केली नाही. पतपेढीचा जामीनसुद्धा दोनदा वाचायचे. त्यांचा हात धरून शाईत बुडवायचा आणि त्यांनी माझ्याकडे बघून हसायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. सरळ मार्ग कोणता, तो सांगा. लांबचा असला तरी चालेल.

वकील, सातारा:

ताई, अंगठ्याचं तुम्ही नाकारलंत ते कायद्यानेही योग्य आहे. करार कायदा १८७२ च्या कलम ११ आणि १२ प्रमाणे, ज्याला व्यवहार समजत नाही आणि त्यातलं हित-अहित ठरवता येत नाही त्याचा करार मुळातच शून्य असतो. सही करणारा भानावर नाही असं नोंदणी कचेरीतल्या दुय्यम निबंधकांना दिसलं, तर नोंदणी कायद्याच्या कलम ३५ नुसार त्यांनी त्याच्यापुरता दस्त नाकारायचा असतो. कोणी डोळेझाक करून नोंदवला तरी तो कायम लटकता राहील आणि त्यात तो शेजारी शेतकरीही बुडेल.

कुलमुखत्यारपत्राबद्दल मुलाचा गैरसमज आहे, तसा बऱ्याच जणांचा असतो. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणारा भानावर राहिला नाही की मुखत्यारी तिथेच संपते. इंग्लंडमध्ये आजारपणातही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे ती सोय नाही.

तुमचा अविभक्त हिस्सा मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ खाली विकता येईल. पण वाटणी न झालेला हिस्सा घेणारा भाव पाडून मागतो. शिवाय पैसा ज्यांच्या औषधपाण्याला हवा आहे, त्यांचा हिस्सा तसाच अडकून राहतो. मी हा सल्ला देणार नाही.

जिल्हा न्यायालयाचं सांगणाऱ्यांच्या डोक्यात १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा असावा. त्यात जिल्हा न्यायालय चौकशी करून मालमत्तेला व्यवस्थापक नेमायचं. २०१७ चा नवा कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला आणि व्यवस्थापक नेमायची ती सोयच गेली. नव्या कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो. १८९० चा पालक-पाल्य कायदा अज्ञान, म्हणजे सज्ञान न झालेल्या, मुलांसाठी आहे. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, अल्झायमर त्यात बसत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम १४ मध्ये मर्यादित पालक आहे, पण त्याने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून निर्णय घ्यायचे असतात. मुलाला साहेब म्हणणाऱ्या माणसाशी तो कसा करणार?

म्हणून राहतं ते उच्च न्यायालय. संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करायची आणि 'मला पतीची पालक नेमा' अशी मागणी करायची. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांच्या पालकांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका पत्नीला पतीची पालक नेमलं. तुम्हाला मुंबई गाठावी लागणार नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सातारा जिल्हा त्यात येतो.

मिरजेची:

ताई, मी ह्याच वाटेने गेले आहे म्हणून लिहिते. २०२१ मध्ये माझ्या मिस्टरांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, पण ते परत माणसात आले नाहीत. प्लॉट दोघांच्या नावावर होता. तेव्हा कोल्हापूर नव्हतं, मी रात्रीच्या गाडीने मुंबईला जायची.

माझी मोठी चूक आधी सांगते. याचिकेत आम्ही फक्त 'पालक नेमा' एवढंच मागितलं होतं. नऊ महिन्यांनी आदेश मिळाला, मी पेढे वाटले. तो घेऊन नोंदणीला गेले, तर तिथल्या साहेबांनी आदेश दोनदा वाचला आणि विचारलं, यात विक्रीची परवानगी कुठे आहे? खरंच नव्हती. पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा, आणखी चार महिने गेले. तोवर गिऱ्हाईक निघून गेलं. म्हणून गट नंबर, क्षेत्र, ठरलेला भाव, विकण्याचं कारण आणि पैशाचं काय करणार हे सगळं पहिल्याच याचिकेत घाला. सरकारमान्य मूल्यांककाचा दाखला जोडा, रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी, दर जोडा. मला न्यायालयाने पहिला प्रश्न हाच विचारला होता की ह्या भावात त्यांचं नुकसान तर होत नाही ना.

मुलगा-मुलगी दोघांची संमतीची प्रतिज्ञापत्रं लागतील. सासूबाई हयात असतील तर त्यांचंही घ्या, आई पहिल्या वर्गाची वारस असते. मुलं आहेत म्हटल्यावर दिरांचा प्रश्न येत नाही.

आमच्यात न्यायालयाने अर्धी रक्कम मला दिली. अर्धी त्यांच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवायला लावली. व्याज औषधाला काढता येतं, मुद्दलाला हात लावायचा तर परवानगी घ्यावी लागते. दर सहा महिन्यांनी हिशेब द्यावा लागतो. आजपासूनच सेवेच्या बाईची आणि रात्रीच्या माणसाची महिन्याची पावती सहीनिशी फाइलला लावा. माझ्याकडे पहिल्या वर्षाचा एक कागद नव्हता. केलेला खर्च सिद्ध करताना रडू यायचं.

आणि विसार घेतलात ते घाईचं झालं. एक तर परत करा, नाहीतर 'न्यायालयाची परवानगी मिळाली तरच' असं लिहून घ्या.

कृष्णाकाठ:

दोघांचे आभार कसे मानू? सासूबाई गेल्या, मुलगी कराडला आहे, ती लगेच सही देईल म्हणाली. एकच भीती वाटते. ह्यांना कोर्टात उभं करावं लागेल का? अनोळखी लोक दिसले की थरथर कापतात.

मिरजेची:

आम्हाला न्यायालयात नाही न्यावं लागलं. न्यायालयाने वैद्यकीय मंडळाचा अहवाल मागवला, त्यासाठी सरकारी रुग्णालयात एकदा नेलं. न्यूरॉलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ होते. नाव, वार, ही कोण, असं हळू आवाजात विचारलं. अर्ध्या तासात झालं. सकाळची वेळ मागून घ्या, पोटभर खाऊ घालून न्या, रोजच्या सेवेच्या बाईला बरोबर ठेवा. तुमच्या ह्यांचे २०१९ पासूनचे सगळे केसपेपर तारखेनुसार लावून न्या, डॉक्टर आधी तेच चाळतात.

कृष्णाकाठ:

केसपेपर काल रात्री काढले. पहिल्या कागदावर त्यांचीच सही आहे, वळणदार, खाली रेघ ओढलेली. विसाराचे ५१ हजार आज सकाळी परत देऊन आले. तो शेतकरी म्हणाला, काकू, मला घाई नाही, वर्षभर थांबतो, पण कागद पक्का होऊ दे. सोमवारी मुलगा येतोय, कोल्हापूरच्या वकिलांकडे जाणार आहोत.