गॉब्लिनच्या पिल्लांचे काय करायचे?

फासेवाला (धागाकर्ता), जुळे सोलापूर

गेल्या रविवारी आमच्या गच्चीवरच्या खोलीत चाललेला डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव मला मध्येच थांबवावा लागला. त्यावर आठवडाभर व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी वाद चालला आहे, तो एकदा सलग मांडावा म्हणून हा धागा. ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की एक जण, म्हणजे आमच्यात मी, गेम मास्टर होऊन खेळातले काल्पनिक जग आणि त्यातले प्राणी चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या जगात वावरतात, आणि निकाल अनिश्चित असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकला जातो.

पार्टीने, म्हणजे या पात्रांच्या गटाने, गॉब्लिनांची (खेळातल्या बुटक्या, राक्षसी प्राण्यांची) गुहा सर केली होती. गॉब्लिन म्हणून मी चिंचोके मांडतो. शेवटच्या दालनात मात्र ज्वारीचे नऊ दाणे ठेवले आणि ही पिल्ले आहेत, ती लढत नाहीत, असे सांगितले. आमच्यातला एक मित्र पॅलाडिन खेळतो, म्हणजे धर्माची शपथ घेतलेला योद्धा. त्याने शेंगाचटणीची बोटे पात्राच्या कागदालाच पुसली, फासा उचलला आणि म्हणाला, "मोठी होऊन गॉब्लिनच होणार ना? मग आत्ताच." मी फासा त्याच्या हातातून काढून घेतला.

माझे म्हणणे असे आहे की चालून आलेल्या शत्रूला मारणे आणि एखादा वंश वंश म्हणून संपवणे ही दोन वेगळी कृत्ये आहेत, आणि नियमांच्या पुस्तकात त्या वंशापुढे 'दुष्ट' असे छापलेले असले म्हणून दुसरे कृत्य पहिल्यासारखे होत नाही. हा पेच माझ्या डोक्यातून निघालेला नाही. १९७९ सालच्या 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स' या गाजलेल्या साहसात, म्हणजे खेळासाठी छापलेल्या तयार कथानकात, गुहांमधल्या टोळ्यांसोबत त्यांच्या बायका आणि पिल्लेही नोंदलेली आहेत, आणि त्यांचे काय करायचे हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक टेबलावर कधी ना कधी आलेला आहे.

तोच पॅलाडिन

धागाकर्त्यांनी माझे वाक्य बरोबर दिले आहे, चटणीचा तपशील वगळला असता तरी चालले असते.

माझा मुद्दा भावनेचा नाही. खऱ्या जगात 'अमुक जमात जन्मतः दुष्ट' हे विधान पाप का ठरते, तर ते खोटे असते म्हणून. खेळातल्या जगात ते रचनेनेच खरे आहे. तिथे दुष्टपणा हा कुणाचा पूर्वग्रह नसून वस्तुस्थिती आहे. माझ्या पात्राला तो मंत्राने जाणवतो, जसा आपल्याला उकाडा जाणवतो. गॉब्लिनांना घडवणारा देवच क्रूर असेल, तर त्यांच्या पिल्लांमध्ये न दिसणारी शक्यता शोधत बसणे म्हणजे आपल्या जगाचे नियम त्या जगावर लादणे होय. महिषासुराला मारताना देवीने त्याचे बालपण विचारले नव्हते, आणि नवरात्रात रूपाभवानीच्या रांगेत उभे राहणारे आपण कुणीही तिला तो प्रश्न विचारत नाही.

नवी पेठ

महिषासुराचे उदाहरण येथे लागू पडत नाही. तो एक व्यक्ती होता, त्याने स्वर्ग बळकावला होता आणि तो रणांगणावर उभा होता. त्याला मारण्यास धागाकर्त्यांचाही आक्षेप दिसत नाही.

पिल्लांचेच उदाहरण हवे असेल तर भागवताच्या सातव्या स्कंधात ते जसेच्या तसे आहे. हिरण्यकशिपू तपाला गेलेला असताना देवांनी त्याच्या नगरीवर हल्ला केला आणि इंद्र त्याच्या गरोदर पत्नीला, कयाधूला, ओढून नेऊ लागला. वाटेत नारद भेटले. इंद्राचे उत्तर तुमच्या वाक्याहून फार वेगळे नाही: हिच्या पोटात देवांच्या शत्रूचे बीज आहे, बाळंत होईपर्यंत हिला ठेवतो आणि मूल जन्मले की मारून टाकतो. नारदांनी तिला सोडवून आश्रमात नेले, आणि ते मूल म्हणजे प्रल्हाद. त्या दिवशी इंद्राचा हिशेब चालला असता तर प्रल्हाद जन्मताच गेला असता, त्याचा नातू बळी जन्मलाच नसता, आणि पाडव्याला 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे म्हणायला आपल्याकडे कुणी उरले नसते.

अवांतर: १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये, म्हणजे खेळातल्या प्राण्यांची माहिती देणाऱ्या पुस्तकात, आपला राक्षसही आहे, वाघाच्या डोक्याचा, नावापुढे 'दुष्ट' असा शिक्का असलेला. बिभीषणाची नोंद काही मला त्यात सापडली नाही.

तोच पॅलाडिन

कथा उत्तम आहे, पण ती नीट वाचली तर माझ्या बाजूने जाते. दैत्यांची मुले मारू नयेत असे तत्त्व नारदांनी सांगितलेले नाही. हा विशिष्ट गर्भ भगवंताचा भक्त आहे, तुझ्या हातून तो मरणार नाही, असे त्यांनी सांगितले. माझ्या पॅलाडिनला अशी दिव्यदृष्टी नाही. त्याच्यामागे मात्र जाळलेली दोन गावे आहेत, आणि नऊ पिल्ले दहा वर्षांनी तिसऱ्या गावावर येणार नाहीत याची हमी देणारे कुणी नाही. घरात विंचवीण निघाली आणि तिच्या पाठीवर पिल्ले असली, तर सोलापुरात कोण त्यांची चौकशी करतो?

फासेवाला (धागाकर्ता)

विंचवाचे उदाहरण चांगले आहे, म्हणूनच त्यावर थांबतो. विंचू मारून कुणी धर्म केला असे म्हणत नाही; त्याला आपण विषारी म्हणतो, दुष्ट म्हणत नाही, कारण त्याच्यापुढे निवड नसते. आता गॉब्लिनाला निवड नाही असे तुम्ही म्हणत असाल, तर 'दुष्ट' हा शब्द मागे घ्या आणि पॅलाडिनऐवजी उंदीर मारणाऱ्याचे पात्र घ्या. त्याला निवड आहे असे म्हणत असाल, तर या नऊ दाण्यांनी अजून काहीच निवडलेले नाही. दोन्हीकडून तुमचा मंत्र नेमके काय ओळखतो ते मला कळेनासे झाले आहे.

खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स तुमच्या बाजूचे होते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. २००५ मधल्या एका चर्चेत पॅलाडिनच्या अशा कृत्याचे समर्थन करताना त्यांनी 'लिखांच्याच उवा होतात' अशा अर्थाची इंग्रजी म्हण वापरली. ही म्हण कर्नल शिव्हिंग्टन याच्या नावाशी जोडलेली आहे. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी कोलोरॅडोतल्या सँड क्रीक येथे त्याच्या सैन्याने शेयेन आणि अरापाहो लोकांच्या तळावर हल्ला करून दीडशेहून अधिक माणसे मारली, त्यांत बहुसंख्य बायका, मुले आणि म्हातारी माणसे होती. काल्पनिक प्राण्यांसाठी युक्तिवाद शोधताना हात नेमका तिथे गेला, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

हजेरी

मी खेळत नाही, माझा भाचा खेळतो म्हणून वाचतो आहे. उदाहरणासाठी कोलोरॅडोला जाण्याची गरज नव्हती. आपल्या शहरात सेटलमेंट नावाचा भाग आहे; रिक्षावाल्याला नाव सांगितले की तो पुढचे विचारत नाही. १८७१ साली पहिल्यांदा आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, पुढे सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. माझे आजोबा त्या कुंपणात वाढले. गिरणीतून सुटल्यावर थेट हजेरीला. उशीर झाला तर शिक्षा. १९२४ च्या कायद्यात मुलांना आईबापांपासून वेगळे काढण्याचीही तरतूद होती, आणि तिच्यामागे हेच वाक्य होते की मोठी होऊन तीच होणार. ३१ ऑगस्ट १९५२ ला आमची माणसे त्यातून सुटली, म्हणून आम्ही विमुक्त.

तोच पॅलाडिन

आपल्या आजोबांबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. गॉब्लिन म्हणजे विमुक्त जमाती, अशी तुलना मी केलेली नाही आणि कुणी करू नये, कारण ती तुलनाच अपमानकारक आहे. आपल्या लोकांवरचा आरोप खोटा होता. माझा सगळा युक्तिवाद 'आरोप खरा असेल तर' यावर उभा आहे.

हजेरी

तुलना मी गॉब्लिनाशी केली नाही, वाक्याशी केली. तारेबाहेरच्या माणसालाही आरोप खराच वाटत होता.

जुना खेळाडू, विजापूर रोड

या वादात नियमांकडे कुणी पाहत नाही, म्हणून थोडे लांबण लावतो. १९७४ च्या मूळ खेळात आणि त्यानंतरच्या बेसिक नियमांत राक्षस दिसला की लढाई, असे नव्हतेच. दोन साधे फासे टाकून समोरचा प्राणी काय पवित्रा घेतो ते ठरे, आणि त्यात मैत्रीपासून हल्ल्यापर्यंत सगळे येत असे. मनोधैर्याचा फासा वेगळा. त्यात धीर खचला की गॉब्लिन पळत किंवा शरण येत. अनुभवाचे गुण, ज्यांवर पात्र वरच्या पायरीवर चढते, बहुतांशी सोन्याचे मिळत, एका नाण्याला एक गुण, आणि मारण्याचे त्या मानाने किरकोळ. म्हणजे शहाणी पार्टी बोलून, लाच देऊन किंवा चोरून काम भागवत असे. पुढे मारण्याचेच गुण मुख्य झाले, आणि मग प्रत्येक प्राणी गुणांची पिशवी दिसू लागला. पॅलाडिन महाशयांचा दोष मला अर्धाच वाटतो. उरलेला अर्धा गुणतक्त्याचा आहे.

२०१४ च्या नियमपुस्तकाने प्राण्यापुढे छापलेली 'दुष्ट' वगैरे वृत्ती केवळ सुचवलेली आहे, ती बदलता येईल, असे स्पष्ट केले. २०२४ च्या पुस्तकाने 'रेस' हा शब्दच काढून 'स्पीशीज' घातला. शब्द बदलल्याने माझ्या मते फारसे बिघडत नाही आणि फारसे सुधारतही नाही. धागाकर्त्यांना मात्र एक विचारतो: पिल्ले तुम्ही ठेवलीत. ठेवायची आणि मग फासा हिसकावून घ्यायचा, हे गेम मास्टरला शोभते का? त्याला मारू द्यायचे होते, आणि मग त्याच्या देवाने त्याची शक्ती काढून घेतली असती. पॅलाडिनने दुष्कृत्य केले तर त्याचे पॅलाडिनपण जाते, हा जुना नियमच आहे.

फासेवाला (धागाकर्ता)

हा वार मला लागला, मान्य करतो. फासा हिसकावणे चूक होते. मात्र देवाकडून शिक्षा देणे हेही मला पळवाट वाटते, कारण तो देवही मीच चालवतो, आणि मग माझे मत आकाशवाणी होऊन येते एवढेच. येत्या रविवारी डाव तिथूनच सुरू होईल. फासा टेबलावर असेल, नऊ दाणे जिथे होते तिथे असतील, आणि गुण किती मिळणार असे कुणी विचारले तर उत्तर शून्य आहे.

तोच पॅलाडिन

येतो. दाण्यांपैकी एकाला बोलता येते का, हे मात्र आधी ठरवून ठेवा, कारण मी त्याला काहीतरी विचारणार आहे.