आपल्या काकांची आठवण लिहा (कूलरचं निमित्त)

होळी झाली. परवा खिडकीबाहेरच्या कूलरवरचं प्लास्टिक काढलं आणि तिथंच उभा राहिलो. इतकी वर्षं हे काम शेजारचे भाऊ करत. तुमचे काका, माझे भाऊ. दिवाळीनंतर ते गेले. तेरवीला बोलायचं कोणालाच सुचलं नाही, सगळे पंगत वाढण्यात होते.

माणूस रेल्वेतून निवृत्त झालेला, कूलरचा धंदा नव्हे. पण होळीची राख थंड झाली की खांद्याला पिशवी, पिशवीत पाना, टेस्टर, तेलाची बुदली, आणि एकेक दार. पैशाचं काढलं की म्हणत, "चहा ठेवा." तोही अर्धाच पीत, कारण पुढच्या घरी परत चहा.

बाहेरच्यांना यात काय मोठं वाटेल. त्यांनी मे महिन्यात इकडे नागपुरात येऊन पाहावं. 23 मे 2013 ला पारा 47.9 वर गेला, त्याच रात्री आमचा पंप बसला. दीड वाजता भाऊ लुंगीवरच आले. पंपाच्या जाळीत वाळ्याचा गोळा अडकला होता, तो पिनेनं उकरून काढला. पाणी वाळ्याच्या ताट्यांवर चढेपर्यंत थांबले, "झोपा आता" म्हणाले अन् गेले.

ज्याला जे आठवतं ते लिहा. भांडणंही चालतील.

दुसरा मजला

मी लग्न होऊन कोकणातून आले, कूलर कधी पाहिलाच नव्हता. दारं-खिडक्या गच्च लावून सुरू केला. तासाभरात डब्याबाहेरचे पापड मऊ, चादर चिकट. काकांनी समोरची खिडकी वीतभर उघडली. "सूनबाई, आतली हवा बाहेर नाही गेली तर नवी येईन कुठून?" सासूबाई समोरच होत्या, पण हसल्या नाहीत, कारण काका हसले नव्हते.

तळमजला

23 सप्टेंबर 2023. चार तासांत 100 मिलीमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी घरात. पहाटे अंधारात गुडघाभर पाण्यात आम्ही गाद्या उचलून राहिलो होतो. जिन्यावरून काका ओरडले, "आधी मेन बंद! गादी मरत नाही!" मग माझ्या आईला पाठीवर घेऊन वर नेलं. वय सत्तरच्या पुढे, आई काही हलकी नव्हे.

कूलरचंही त्यांचं हेच. पाणी भरायच्या आधी प्लग काढलाच पाहिजे. बॉडी लोखंडी, खाली पाणी, अर्थिंग नसलं तर हात लावला की संपलं. दर उन्हाळ्यात पेपरात अशी बातमी असतेच. टेस्टर लावल्याशिवाय ते आमच्या पोरांना कूलरजवळ फिरकू देत नसत.

आता पुण्यात

टॉर्च धरायचं काम माझं. "बे पोट्ट्या, माह्या तोंडावर नाही, पंपावर धर!" एकदा पंख्याचा स्क्रू माझ्या हातून नालीत गेला. त्यांनी बाबांना सांगितलं, जुना होता, गंजला होता.

पहिला मजला

भांडणाचं मी लिहितो. त्यांच्या कूलरचं पाणी आमच्या बाल्कनीत, वाळत घातलेल्या मुंगवड्यांवर गळलं. मी नको ते बोललो. दोन वर्षं अबोला. पण मार्चमध्ये बेल वाजायचीच. ते न बोलता काम करत, मी न बोलता चहा ठेवी. तिसऱ्या वर्षी म्हणाले, "साखर कमी करून राहिले का आजकाल?" डॉक्टरनं मला शुगर सांगितली होती. तेच पहिलं बोलणं.

काकूंकडून

आजी सांगून राहिली, मी लिहून राहिली आहे: "सगळ्यांचे कूलर होळीले, आमचा रामनवमी झाल्यावर. तोवर मी ओला टॉवेल घेऊन झोपायची. हेही लिही." लिहिलं.

पुन्हा मी

काल कूलरची मागची ताटी काढली. आत पत्र्यावर ऑइलपेंटनं बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं: 2009 पंप नवा. 2014 ताट्या बदलल्या. 2019 मोटर रिवाइंड. शेवटी, 2025, पंप चांगला आहे, बदलू नका. एवढी वर्षं मी आत डोकावलोच नव्हतो. आपापल्या कूलरमध्ये पाहा, असणार.

दुसरा मजला

आहे. "2022. अर्थिंग करा सांगितलं. केलं नाही." आणि खाली, "2023. अजून नाही."

पुन्हा मी

मग अर्थिंगचं तुमच्यापासूनच सुरू करू. रविवारी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. पिशवी काकूंनी दिली आहे. पहिला कूलर त्यांचा. शिडी कोणाकडे आहे?